आमदारकीच्या उमेदवाराला काय विचारायचं, कसं विचारायचं : मराठवाड्यातल्या नव्या मतदारासाठी

२०२४ च्या विधानसभेला अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस होता ४ नोव्हेंबर. आदल्याच दिवशी भाऊबीज झालेली. प्रचार थांबला १८ तारखेच्या संध्याकाळी आणि मतदान झालं २० ला. रिंगणात नक्की कोण आहे हे कळल्यापासून भोंगे बंद होईपर्यंत आपल्या हातात जेमतेम दोन आठवडे होते. आपल्याकडं हे दिवस कसे असतात ते वेगळं सांगायला नको. सोयाबीन मोंढ्यावर न्यायचं असतं, ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीची घाई असते आणि बीड-धाराशिवकडच्या कितीतरी गावांत ऊसतोडीला निघालेली कोयत्याची जोडपी बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून कारखान्याच्या वाटेला लागलेली असतात. या धांदलीत उमेदवार दारात येतो, हात जोडतो आणि आपण तोंड उघडायच्या आत शेजारच्या दारात गेलेला असतो.

म्हणून तयारी आधीपासून लागते. पुढची विधानसभा २०२९ मध्ये आहे, तोवर वेळ आहे. आमच्या गावच्या अभ्यासिकेत पहिल्यांदा मत देणाऱ्या पोरापोरींना घेऊन आम्ही हे काम करतो. त्यातून जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो आहे.

पहिली पायरी : आपण नेमके कोणत्या मतदारसंघात?

हे सगळ्यांना माहीत असतं असं वाटतं, पण नसतं. तालुका आणि विधानसभा मतदारसंघ यांच्या हद्दी जुळतीलच असं नाही. कासारशिरसीचं उदाहरण घ्या. तालुका निलंगा, जिल्हा लातूर, विधानसभेला मतदारसंघ औसा आणि औसा लोकसभेला धाराशिवकडं. तिथल्या एखाद्या पोरानं निलंग्याच्या उमेदवारांची भाषणं महिनाभर ऐकली आणि मतदानाच्या दिवशी यंत्रावर वेगळीच नावं दिसली, तर चूक त्याची म्हणता येणार नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मिळून विधानसभेच्या ४६ जागा आहेत. मतदार ओळखपत्राचा क्रमांक निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा मतदार हेल्पलाइन ॲपवर टाकला की मतदारसंघ, यादीचा भाग आणि केंद्र कळतं. १९५० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. नाव नसेल तर अर्ज क्रमांक ६, दुरुस्ती किंवा पत्ताबदल असेल तर अर्ज क्रमांक ८. अठरा वर्षं पूर्ण झाल्याची तारीख आता वर्षातून चारदा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. शिकायला पुण्या-संभाजीनगरला गेलेल्यांनी नाव कुठं ठेवायचं ते वेळेत ठरवावं.

दुसरी पायरी : प्रश्न एकच निवडा आणि तो कुणाच्या हातातला आहे ते शोधा

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच.

उमेदवाराला प्रश्न विचारला आणि तो त्याच्या अखत्यारीतला नसला, तर त्याची मोठी सोय होते. तो खुशाल हो म्हणतो, कारण पुढं ते झालं नाही तरी बोट दाखवायला दुसरं कुणीतरी असतंच. सोयाबीनचंच बघा. हमीभाव केंद्र सरकार ठरवतं. २०२४-२५ साठी तो क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात मोंढ्यात माल त्याच्याही खाली जात होता. "भाव वाढवून देतो" म्हणणाऱ्या आमदारकीच्या उमेदवाराकडं तो अधिकार नाही. पण खरेदी केंद्र आपल्या तालुक्यात कधी सुरू होणार, बारदाना वेळेवर येणार का, नोंदणी केलेल्या शेतकऱ्याचा काटा किती दिवसांत होणार, याचा पाठपुरावा आमदार करू शकतो आणि सभागृहात जाबही विचारू शकतो. ओलाव्याची अट साधारण १२ टक्क्यांची असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ऐन निवडणुकीत, केंद्रानं ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. तेव्हा उमेदवाराला असं विचारा : "दादा, गेल्या हंगामात आपल्या केंद्रावर काटा बंद होता तेव्हा तुम्ही कुणाला पत्र दिलं? यंदा केंद्र वाढवायला काय करणार?"

रस्त्याचंही तसंच. राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडं, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडं. शेताला जाणाऱ्या पाणंदीसाठी रोजगार हमीतून मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहे. आपला खड्डा यातल्या कोणत्या रस्त्यावर आहे ते आधी ठरवा.

पीकविम्याचा प्रश्न मात्र थेट राज्याचा करता येतो. २०२३ च्या खरिपात राज्यानं एक रुपयात विमा आणला आणि २०२५ च्या खरिपापासून तो बंद केला. त्याच बदलात भरपाईचा आधार पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळातल्या निवडक शेतांच्या सरासरी उत्पन्नावर, आला, आणि एखाद्याच्या शेतात पाणी शिरलं तर ७२ तासांत कळवून दावा करायची सोय त्यातून गेली. नंतर सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, गोदावरी पात्र सोडून वाहिल्या. भूम-परंड्याकडं तर मातीसकट शेतं खरडून गेली. मंडळाच्या सरासरीत एका शेतकऱ्याचं वाहून गेलेलं वावर दिसत नाही. हा निर्णय मुंबईत झाला, विधानसभेला उत्तर देणाऱ्या सरकारनं केला. म्हणून प्रत्येक उमेदवाराला सरळ विचारावं : तो बदल तुम्हाला मान्य होता का, आणि नसेल तर बदलायला काय कराल?

पाण्यावर थोडं जास्त

मराठवाड्यात पाण्यावर न बोलणारा उमेदवार मी पाहिलेला नाही, आणि पाण्याविषयी बोलतात तितकं मोघम इतर कशाविषयीही बोलत नाहीत. "गोदावरीचं खोरं तुटीचं आहे, पश्चिमेला समुद्रात जाणारं पाणी आणू, ग्रीड करून धरणं पाइपांनी एकमेकांना जोडू, दुष्काळ हद्दपार करू." टाळ्या पडतात. यातलं काहीच खोटं नसतं. मांडणी फक्त इतकी लांबची असते की पाच वर्षांनी कुणाला धरायचं ते कळत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं गेलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आज मतदार होणारी पोरं तेव्हा जेमतेम शाळेत होती. त्यांना हे माहीत असायला हवं, कारण तेव्हाही ग्रीडचा शब्द हवेत होता.

मोघम बोलणं जमिनीवर आणायला आमच्या वहीत चार बारके प्रश्न आहेत : किती टीएमसी (म्हणजे किती अब्ज घनफूट पाणी), कुठून, कोणत्या धरणात किंवा तलावात, आणि यंदाच्या अर्थसंकल्पात त्यासाठी किती रुपये ठेवलेत. कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचनाविषयी बोलणाऱ्याला विचारा की आपल्या गावाचं शिवार त्या लाभक्षेत्रात आहे का. बऱ्याचदा नसतं, आणि ते उमेदवारालाही तेव्हाच कळतं.

जायकवाडीचा प्रश्न याहून टोकदार आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्यात खोऱ्यातली तूट सगळ्यांनी समान वाटून घ्यायचं तत्त्व आहे. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचं असतं. २०२३ मध्ये असं ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला तेव्हा वरून विरोध झाला, खालून आंदोलनं झाली. हा ६५ चा आकडा खाली आणावा अशी शिफारसही पुढं आलेली आहे.

इथं पक्षाचा जाहीरनामा उपयोगाचा नाही. तोच पक्ष राहात्यातही मतं मागतो आणि पैठणमध्येही. म्हणून उमेदवाराला हे विचारा : "साहेब, ६५ टक्क्यांचा आकडा कमी करायचा विषय निघाला आणि वरच्या भागातले तुमच्याच पक्षाचे आमदार त्या बाजूनं उभे राहिले, तर तुम्ही सभागृहात काय बोलाल?" या एका प्रश्नानं जितकं कळतं तितकं तासाभराच्या भाषणातून कळत नाही. काही जण स्पष्ट सांगतात की पक्ष काही म्हणो, मी खालच्या बाजूनं बोलणार. काही जण विषय बदलून वीजबिलावर जातात. दोन्ही उत्तरं वहीत लिहा.

तिसरी पायरी : शपथपत्र वाचा

उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र जोडावं लागतं. ते आयोगाच्या संकेतस्थळावर आणि 'नो युवर कॅन्डिडेट' ॲपवर कुणालाही बघता येतं. लोक त्यात फक्त मालमत्तेचा आकडा शोधतात आणि पारावर तेवढ्यावरच चर्चा रंगते. मला इतर रकाने जास्त बोलके वाटतात. व्यवसाय काय, जोडीदाराचा काय, शासकीय देणी थकली आहेत का, बँकांची कर्जं कुठली, सरकारी कामांचे ठेके घरात कुणाकडं आहेत का. गावच्या रस्त्यांचा दर्जा सुधारू म्हणणाऱ्याच्या घरातच रस्त्याचे ठेके असतील, तर ते वाईटच असं नाही. पण आपला प्रश्न बदलतो.

गुन्ह्यांचा रकाना वाचताना कलमं बघा. आंदोलनात रस्ता अडवला म्हणून दाखल झालेला गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका मापानं मोजू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर असे गुन्हे प्रचारकाळात तीनदा वृत्तपत्रात आणि वाहिन्यांवर जाहीर करावे लागतात. छापील जाहिरात बारीक अक्षरात असते. ती कापून वहीत चिकटवा.

चौथी पायरी : आधी आमदार राहिलेल्याचं काम तपासा

नव्या उमेदवाराच्या शब्दावर चालावं लागतं, पण जो एकदा सभागृहात बसून आला त्याची नोंद उपलब्ध असते. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा, अर्थसंकल्पावरची भाषणं हे सगळं विधानमंडळाच्या कामकाजात सापडतं आणि कामकाजाचं थेट प्रक्षेपणही असतं. आपल्या मतदारसंघाचं किंवा गावाचं नाव शोधा. आमच्यातल्या एका मुलीनं दोन रविवार बसून असं शोधलं. आमच्या भागाच्या आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागांवर पाच वर्षांत एक प्रश्न विचारला गेला होता, आणि तो शेजारच्या मतदारसंघाच्या आमदारांनी विचारला होता. तो कागद तिनं अभ्यासिकेच्या फळ्यावर लावला. त्यावर वेगळं काही लिहायची गरज पडली नाही.

दुसरी नोंद पैशाची. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात. कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात असते. दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा : दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. यादी आली की कामं पाच-सहा गठ्ठ्यांत वाटा. सभामंडप किती, सिमेंट रस्ते किती, शाळेच्या खोल्या किती, पाण्याची कामं किती. माणसाला काय महत्त्वाचं वाटतं ते तिथं उमटलेलं असतं.

निवडून येणाऱ्या कुणालाही विचारावा असा आणखी एक प्रश्न आहे, आणि तरुण मुलांना तो क्वचितच ठाऊक असतो. संविधानाच्या कलम ३७१ (२) खाली १९९४ मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ झालं. अनुशेष, म्हणजे इतर भागांच्या तुलनेत विकासात राहिलेली तूट, मोजायचा, निधीचं वाटप न्याय्य होतं का ते बघायचं हे त्याचं काम. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ मध्ये मंडळाच्या पुनर्स्थापनेचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला. "ते मंडळ पुन्हा उभं राहावं म्हणून तुम्ही काय केलं?" एवढंच विचारा. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनाला येणाऱ्या प्रत्येक नेत्याला या प्रश्नाचं उत्तर देता यायला हवं.

पाचवी पायरी : समोरासमोर विचारणं

आमच्या गावच्या पारावरची एक सभा सांगतो. आधी एका तरुणानं उठून विचारलं, "आमच्या गावाला पाणी कधी येणार?" उमेदवार म्हणाले, "येणार, हा माझा शब्द आहे." टाळ्या झाल्या. मग मागं बसलेल्या एक काकू उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "भाऊ, जलजीवनची टाकी बांधून दोन उन्हाळे गेले. नळाच्या तोट्या दारात हायेत. पर टाकी भरायची हीर कुठं घ्यायची ते अजून ठरलं न्हाई. ते कोण ठरवनार?" सभा गप्प झाली. उमेदवारानं बाजूच्या कार्यकर्त्याकडं बघितलं, कार्यकर्त्यानं ग्रामसेवकाला शोधलं. शेवटी उमेदवार म्हणाले, "काकू, हे मला माहीत नव्हतं. चार दिवसांत माहिती घेऊन सांगतो." चौथ्या दिवशी त्यांचा माणूस खरंच आला आणि विहिरीच्या जागेचं प्रकरण कोणत्या टेबलावर अडलं आहे ते सांगून गेला. त्या उमेदवाराविषयी माझं मत तिथून बदललं. माहीत नाही म्हणणारा माणूस मला सगळं माहीत असल्याचं दाखवणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

काकूंच्या प्रश्नात जागा होती, काळ होता, अडलेली गोष्ट होती आणि कुणी ठरवायचं तेही विचारलेलं होतं. तुमचा प्रश्न असा बांधा. आधी कागदावर लिहा, मोठ्यानं वाचा. दोन वाक्यांहून लांब झाला तर कापा. सभेत माइक हातात आला की भाषण करायचा मोह होतो, तो आवरा.

बायका भरसभेत बोलत नाहीत अशी तक्रार ऐकू येते. दुपारी तीनला अंगणवाडीच्या ओट्यावर बसून बघा. डीपी जळाल्यावर रोहित्र यायला किती दिवस लागले, रात्रपाळीच्या विजेनं दारं धरायला कोण गेलं आणि साप कुणाला चावला, बाळंतपणाला तालुक्याला नेताना गाडी मिळाली का, हे सगळं तिथं तारीखवार कळतं. उमेदवारांच्या घरच्या बायका प्रचाराला येतात तेव्हा तेच प्रश्न त्यांच्याजवळ द्या. ते घरापर्यंत जातात.

तांड्यावर आणि वस्तीवर जाऊन विचारलेले प्रश्न वेगळे निघतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं मागं कुणाकडं राहतात, हंगामी वसतिगृह कधी सुरू होतं, मुकादमाच्या उचलीची (आगाऊ दिलेल्या पैशांची) नोंद कुठं असते. ही माणसं निघून जायच्या आधी, दसऱ्यापूर्वीच, त्यांचे प्रश्न लिहून घ्या.

आरक्षणाचा प्रश्न विचारायचा का, असं पोरं दर वेळी विचारतात. विचारावा. मराठवाड्यात घराघरात तो आहे आणि त्यावर उमेदवाराचं मत जाणून घ्यायचा हक्क सगळ्यांना आहे. फक्त तो सगळ्या उमेदवारांना एकाच शब्दांत विचारा, आणि शक्य तो भरसभेत न विचारता चार-सहा जणांनी बसून विचारा. गर्दीत उमेदवार समोरच्या गर्दीसाठी बोलतो. गावात निवडणुकीनंतरही आपल्याला एकाच पाणवठ्यावर जायचं असतं.

सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बोलवायचं असेल तर आचारसंहितेच्या काळात परवानगी लागते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात आधी अर्ज द्या. जेवण, गाडी, मंडप यातलं काही कुठल्याही उमेदवाराकडून घेऊ नका. पैसे वाटताना दिसले तर सी-व्हिजिल ॲपवर फोटोसकट तक्रार करता येते.

सहावी पायरी : वही

मोबाइलमध्ये ठेवलेलं हरवतं, म्हणून आम्ही दोनशे पानी वही घेतो. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उमेदवाराचं नाव, तारीख, ठिकाण आणि त्याच्याच शब्दांत उत्तर. "सकारात्मक बोलले" असं लिहायचं नाही. काय बोलले तेच लिहायचं. उत्तर दिलं नसेल तर "उत्तर नाही" लिहायचं. व्हॉट्सॲपवर फिरणारी चित्रफीत वहीत घ्यायच्या आधी पूर्ण भाषण शोधा. अर्धं वाक्य कापून फिरवणं सगळ्याच बाजूंनी चालतं, आणि कितीदा तरी भाषण मागच्याच निवडणुकीचं निघतं.

निकाल लागला की वही बंद करू नका. २०२४ चा निकाल २३ नोव्हेंबरला लागला आणि हिवाळी अधिवेशन नागपुरात १६ डिसेंबरला सुरू झालं. निवडून आलेल्याला त्याचं वहीतलं उत्तर आठवण म्हणून पत्रानं पाठवा, सोबत आपला एक प्रश्न जोडा. तारांकित प्रश्नाची सूचना आमदाराला अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावी लागते, म्हणून अर्थसंकल्पी अधिवेशनासाठीचं पत्र नव्या वर्षाच्या सुरुवातीलाच संपर्क कार्यालयात पोचलं पाहिजे. पत्राच्या दोन प्रती न्या, दुसरीवर तारखेसह पोच घ्या आणि ती उजव्या पानावर चिकटवा.